थेट परकीय गुंतवणूक : महाराष्ट्र आणि गुजरात यांच्या तुलनेचा आढावा

प्रश्नाची मांडणी

द्विभाषिक मुंबई राज्याच्या विभाजनातून महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये 1 मे 1960 रोजी एकाच दिवशी अस्तित्वात आली, 1962 मध्ये दोघांनीही आपापली औद्योगिक विकास महामंडळे स्थापन केली, आणि 1991 च्या उदारीकरणानंतर परकीय भांडवल मिळवण्याच्या प्रयत्नात ती एकमेकांची प्रमुख स्पर्धक बनली. या स्पर्धेत कोण पुढे, हा प्रश्न विधिमंडळात, वृत्तपत्रांत आणि अभ्यासकांच्या वर्तुळात गेली तीस वर्षे चर्चिला जात आहे. 2022 नंतर त्या चर्चेला विशेष धार आली. मात्र तिच्यात वापरले जाणारे आकडे नेमके काय मोजतात, याची चिकित्सा तुलनेने कमी झाली आहे. प्रस्तुत आढाव्यात त्या आकड्यांची पार्श्वभूमी, त्यांवर आधारलेल्या प्रमुख भूमिका आणि न सुटलेले प्रश्न क्रमाने मांडले आहेत, आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूरसारख्या तालुक्याच्या दृष्टीने या तुलनेतून काय कळते व काय कळत नाही, याचाही विचार केला आहे.

मोजमापाची रीत

परदेशी गुंतवणूकदाराने शेअर बाजारात नोंद नसलेल्या भारतीय कंपनीच्या भांडवलात, किंवा नोंद असलेल्या कंपनीच्या किमान 10 टक्के भांडवलात केलेल्या गुंतवणुकीला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. त्याहून कमी हिस्सा घेतल्यास ती रोखेबाजारातील गुंतवणूक ठरते. थेट गुंतवणुकीचे तीन प्रवाह असतात : समभागांसाठी बाहेरून आलेली रक्कम, येथेच मिळवलेला व येथेच पुन्हा गुंतवलेला नफा, आणि मूळ कंपनीने उपकंपनीला दिलेली कर्जे. राज्यनिहाय आकडेवारी यांपैकी केवळ पहिल्या प्रवाहाची, म्हणजे समभागांपोटी आलेल्या रकमेची, प्रसिद्ध होते. परदेशी मालकीच्या जुन्या कारखान्याने नफ्यातून नवे उत्पादनकेंद्र उभारले, तर ती रक्कम देशाच्या एकूण आकड्यात येते, परंतु कोणत्याही राज्याच्या खात्यावर चढत नाही.

दुसरी मर्यादा याहून महत्त्वाची आहे. ऑक्टोबर 2019 पर्यंत ही आकडेवारी रिझर्व्ह बँकेच्या प्रादेशिक कार्यालयांनुसार मांडली जात होती, आणि त्यातील ‘मुंबई विभाग’ म्हणजे महाराष्ट्राबरोबर दादरा व नगर हवेली आणि दमण व दीव असा होता. त्यानंतर केंद्र सरकारच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाकडून राज्यनिहाय आकडे मिळू लागले, तरीही रक्कम कोणत्या राज्यात धरायची हे मुख्यतः कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयावरूनच ठरते. पैसा जिथे नोंदवला जातो ते ठिकाण आणि यंत्रे जिथे बसतात ते ठिकाण यांत अंतर पडते ते येथे. शिवाय, अस्तित्वात असलेल्या कंपनीचे समभाग परदेशी खरेदीदाराने विकत घेतले तरी ती गुंतवणूकच मोजली जाते, मग त्यातून एक वीटही नव्याने रचली गेलेली नसो.

1991 ते 2019 : दोन वेगळे मार्ग

24 जुलै 1991 च्या औद्योगिक धोरणानंतरच्या पहिल्या दशकात महाराष्ट्राकडे आलेल्या परकीय भांडवलाचे सर्वांत गाजलेले उदाहरण दाभोळ वीजप्रकल्पाचे होते. अमेरिकेतील एन्रॉन कंपनीच्या पुढाकाराने आखलेल्या या प्रकल्पाचा वीजखरेदी करार डिसेंबर 1993 मध्ये झाला, ऑगस्ट 1995 मध्ये नव्या राज्य सरकारने तो रद्द केला, पुढे फेरवाटाघाटींनंतर तो पुनरुज्जीवित झाला, 1999 मध्ये वीजनिर्मिती सुरू झाली आणि महागड्या विजेच्या देयकांवरील वादातून 2001 मध्ये ती थांबली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एन्रॉन दिवाळखोरीत गेली. करारांच्या स्थैर्याबाबत परदेशी गुंतवणूकदारांच्या मनात या प्रकरणाने शंका निर्माण केली, असे एक मत आहे. सार्वजनिक हिताच्या कसोटीवर करार तपासणे हे सरकारचे कर्तव्यच होते, असे दुसरे. दोन्ही मतांना आधार आहे, आणि या प्रकरणातून परकीय गुंतवणुकीची रक्कम व तिची उपयुक्तता या दोन भिन्न गोष्टी असल्याचे महाराष्ट्राला फार लवकर समजले, एवढे निश्चित म्हणता येते.

त्याच काळात महाराष्ट्राची खरी भर पडत होती ती पुणे परिसरात आणि काही प्रमाणात तत्कालीन औरंगाबादमध्ये (आजच्या छत्रपती संभाजीनगरमध्ये). मर्सिडीज-बेंझ 1990 च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात आली, स्कोडाने 2001 मध्ये शेंद्रा येथे मोटारींची जुळणी सुरू केली आणि 2009 मध्ये फोक्सवॅगनचा चाकण येथील कारखाना सुरू झाला. गुजरातचा मार्ग निराळा होता. सागरी मंडळ (1982), बंदरधोरण (1995), पिपावाव व मुंद्रा ही खासगी बंदरे, हजीरा येथील द्रवरूप नैसर्गिक वायूचे केंद्र, आणि 2003 पासून भरू लागलेली ‘व्हायब्रंट गुजरात’ ही गुंतवणूकदारांची परिषद, अशा टप्प्यांनी त्या राज्याने बंदरे, ऊर्जा व रसायने यांभोवती भांडवल जमवले. 2008 मध्ये टाटांचा नॅनो प्रकल्प साणंदला आल्यावर मोटारउद्योगही तेथे स्थिरावला, आणि फोर्ड व सुझुकी यांनी पुढे गुजरातमध्ये कारखाने काढले.

तरीही एप्रिल 2000 पासून 2019 पर्यंतच्या संचित आकड्यांत मुंबई विभागाचा वाटा सुमारे 30 टक्के आणि अहमदाबाद विभागाचा, म्हणजे गुजरातचा, सुमारे 5 टक्के इतका विषम होता. गुजरातमधील कारखान्यांची वाढ डोळ्यांना दिसत असताना आकड्यात ती न दिसण्याचे एक कारण असे की तेथील बरेच भांडवल देशी होते, आणि दुसरे असे की अनेक मोठ्या कंपन्यांची नोंदणी मुंबईत होती. म्हणजेच मोजमापाच्या या रीतीचा लाभ दीर्घकाळ महाराष्ट्राच्या पदरात पडत होता. आजची चर्चा वाचताना हे ध्यानात ठेवणे न्याय्य ठरेल.

2020 नंतरचे आकडे आणि त्यांचा अर्थ

2020-21 मध्ये चित्र उलटले. त्या वर्षी गुजरातमध्ये 21.9 अब्ज डॉलर (एक अब्ज म्हणजे 100 कोटी) आणि महाराष्ट्रात 16.2 अब्ज डॉलर आले. देशाच्या एकूण समभाग-प्रवाहातील गुजरातचा वाटा 37 टक्के, तर महाराष्ट्राचा 27 टक्के होता. गुजरातच्या या रकमेपैकी 94 टक्के संगणक सॉफ्टवेअर व हार्डवेअर या एकाच क्षेत्रात नोंदली गेली. त्याचा खुलासा सोपा आहे. रिलायन्स समूहाच्या जिओ प्लॅटफॉर्म्स या कंपनीत त्या वर्षी फेसबुकने 43,574 कोटी रुपये, गुगलने 33,737 कोटी रुपये आणि इतर अनेक परदेशी निधींनी मोठ्या रकमा गुंतवल्या, आणि या कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय अहमदाबादेत आहे. समूहाचे मुख्यालय मुंबईत आणि ग्राहक देशभर असले तरी रक्कम गुजरातच्या खात्यावर चढली.

पुढील वर्षी, 2021-22 मध्ये, गुजरातचा आकडा 2.7 अब्ज डॉलरवर उतरला, महाराष्ट्र 15.4 अब्जांवर राहिला आणि पहिले स्थान कर्नाटकाकडे गेले. त्यानंतरच्या तीन वर्षांत महाराष्ट्रात अनुक्रमे 14.8, 15.1 आणि 19.6 अब्ज डॉलर आले, तर गुजरातमध्ये 4.7, 7.3 आणि 5.7 अब्ज. 2024-25 मध्ये महाराष्ट्राचा वाटा 39 टक्क्यांवर पोहोचला.

या पाच वर्षांची बेरीज केल्यास महाराष्ट्राचे सुमारे 81 अब्ज आणि गुजरातचे सुमारे 42 अब्ज डॉलर होतात, म्हणजे जवळजवळ दुपटीचा फरक दिसतो. परंतु 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या 11.24 कोटी आणि गुजरातची 6.04 कोटी होती. त्या आधारे दरडोई रक्कम काढली तर महाराष्ट्राची सुमारे 720 आणि गुजरातची सुमारे 700 डॉलर येते, आणि फरक जवळपास नाहीसा होतो. याच हिशेबातून 2020-21 हे एक वर्ष वगळले की दरडोई रकमा अनुक्रमे सुमारे 580 आणि 340 डॉलर होतात व महाराष्ट्राची आघाडी पुन्हा ठळक दिसू लागते. गुजरातच्या पाच वर्षांच्या बेरजेतील निम्म्याहून अधिक रक्कम त्या एकाच वर्षातली आहे. आधारवर्ष आणि भाजक बदलताच निष्कर्ष बदलावा, इतकी ही तुलना नाजूक आहे, आणि म्हणून एका वर्षाच्या क्रमवारीवर आधारलेला कोणताही दावा, तो कोणाच्याही बाजूचा असो, टिकणारा नाही.

प्रमुख भूमिका

पहिली भूमिका महाराष्ट्राच्या रचनात्मक बळावर भर देते. वित्तीय संस्था, कुशल मनुष्यबळ, मोठी ग्राहकपेठ आणि पुण्यातील सुट्या भागांच्या पुरवठादारांचे जाळे एकत्र असल्यामुळे नवा उद्योग जुन्या उद्योगांच्या शेजारी येतो, आणि हे एकवटण्याचे लाभ केवळ सवलतींनी हिरावून घेता येत नाहीत, असे या मताचे अभ्यासक मानतात. वर्षामागून वर्ष 15 अब्जांच्या आसपास स्थिर राहिलेला प्रवाह हा त्यांचा मुख्य पुरावा आहे.

दुसरी भूमिका असे म्हणते की पैशाची नोंद मुंबईत होत असली तरी प्रत्यक्ष उत्पादनक्षमता गुजरातकडे सरकत आहे. वार्षिक उद्योग पाहणीत कारखान्यांतील स्थिर भांडवलाच्या बाबतीत गुजरात अग्रभागी असतो, हा या मताचा भक्कम आधार होय. धोलेराचे विशेष गुंतवणूक क्षेत्र, जमिनीची आधीच केलेली सिद्धता आणि दीर्घ राजकीय सातत्य ही कारणे त्यासाठी दिली जातात. आंतरराष्ट्रीय वित्तकेंद्राचे उदाहरणही या संदर्भात दिले जाते : मुंबईत असे केंद्र उभारण्याबाबत पर्सी मिस्त्री समितीने 2007 मध्ये अहवाल दिला, पण प्रत्यक्षात ते गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत आकाराला आले आणि 2020 मध्ये स्थापन झालेल्या नियामक प्राधिकरणाचे मुख्यालयही तेथेच झाले.

सप्टेंबर 2022 मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा 1,54,000 कोटी रुपयांचा अर्धसंवाहक प्रकल्प (मोबाईल, संगणक यांतील चिप बनवण्याचा) आणि त्यानंतर टाटा-एअरबसचा लष्करी मालवाहू विमानांचा प्रकल्प गुजरातला गेल्याने हा वाद महाराष्ट्रात पेटला. त्यांपैकी दुसरा वडोदऱ्यात उभा राहिला व ऑक्टोबर 2024 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. पहिल्यातून फॉक्सकॉनने जुलै 2023 मध्ये अंग काढून घेतले. साणंद येथील मायक्रॉन कंपनीच्या अर्धसंवाहक प्रकल्पात 2.75 अब्ज डॉलरच्या एकूण खर्चापैकी कंपनीचा वाटा 0.825 अब्जांपर्यंत आहे, उरलेला भार केंद्र व राज्य सरकारांच्या साहाय्याचा आहे. म्हणून घोषित रक्कम, परकीय रक्कम आणि सार्वजनिक तिजोरीतून दिलेली रक्कम या तिन्ही वेगवेगळ्या मोजल्याखेरीज प्रकल्प ‘गेला’ वा ‘मिळाला’ यांतील नफातोटा कळत नाही. हेच दावोस येथील जागतिक आर्थिक मंचाच्या परिषदेत होणाऱ्या करारांना लागू आहे; जानेवारी 2025 मध्ये महाराष्ट्राने तेथे 15.70 लाख कोटी रुपयांचे सामंजस्य करार केले, आणि सामंजस्य करार हा इरादा असतो, गुंतवणूक नसते.

तिसरी भूमिका राज्याराज्यांतील स्पर्धेकडेच साशंकतेने पाहते. परकीय कंपनी भारतात येण्याचा निर्णय बहुधा आधी घेते आणि राज्य नंतर निवडते. तसे असेल तर करसवलती व स्वस्त जमीन यांच्या चढाओढीत देशाच्या पदरी नवे काहीच पडत नाही. जनरल मोटर्सचा अनुभव येथे बोलका आहे. या एकाच कंपनीचे कारखाने दोन्ही राज्यांत होते. हलोलचा 2017 मध्ये आणि तळेगावचा डिसेंबर 2020 मध्ये बंद पडला. हलोलचा कारखाना चिनी कंपनीकडे गेला, आणि तळेगावचा चिनी खरेदीदाराकडे जाण्याचा व्यवहार शेजारी देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीवर एप्रिल 2020 मध्ये आलेल्या निर्बंधांनंतर फिसकटून अखेर 2023 मध्ये ह्युंदाईने तो घेण्याचा करार केला. दोन राज्यांची धोरणे वेगळी असूनही कारखाने बंद पडण्याची कारणे समान होती, आणि ती कंपनीच्या जागतिक निर्णयांत होती.

युरोपातील समांतर अनुभव

याच अडचणी देशादेशांच्या तुलनेतही येतात. लक्झेंबर्गसारख्या लहान देशात नोंदलेली परकीय गुंतवणूक त्याच्या अर्थव्यवस्थेच्या कितीतरी पट आहे, कारण कंपन्या तेथे केवळ कागदोपत्री संस्था उघडून पैसा पुढे पाठवतात. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जगातील थेट परकीय गुंतवणुकीपैकी सुमारे 40 टक्के या स्वरूपाची आहे. आयर्लंडमध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपले बौद्धिक संपदा हक्क तेथे हलवल्याने 2015 मध्ये देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सुमारे 26 टक्क्यांनी वाढल्याची नोंद झाली, आणि त्यानंतर तेथील सांख्यिकी कार्यालयाला अशा परिणामांची वजावट करणारे वेगळे मापक तयार करावे लागले. पोलंड किंवा चेक प्रजासत्ताक यांची आयर्लंडशी तुलना करताना अभ्यासक म्हणूनच निव्वळ रकमेवर थांबत नाहीत. बियाटा यावोर्चिक यांनी 2004 मध्ये लिथुआनियातील कारखान्यांच्या अभ्यासातून दाखवले की परकीय कंपन्यांचा लाभ प्रामुख्याने त्यांना माल पुरवणाऱ्या स्थानिक उद्योगांपर्यंत झिरपतो. त्याआधी 1999 मध्ये एटकेन व हॅरिसन यांना व्हेनेझुएलात स्पर्धक देशी कारखान्यांची उत्पादकता घटलेली आढळली होती. या दोन निष्कर्षांतून निघणारा प्रश्न छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील लघुउद्योजकाच्या थेट परिचयाचा आहे : परदेशी कारखाना सुटे भाग कोणाकडून घेतो?

राज्याच्या आत : मराठवाडा आणि वैजापूर

महाराष्ट्राच्या 2024-25 मधील 19.6 अब्ज डॉलरपैकी मराठवाड्यात किती आले, हे प्रसिद्ध आकड्यांतून सांगता येत नाही, कारण केंद्राची मांडणी राज्यापाशी थांबते. प्रादेशिक असमतोलावर दांडेकर समितीने 1984 मध्ये आणि केळकर समितीने 2013 मध्ये सविस्तर अहवाल दिले, पण परकीय भांडवलाचे विभागवार वाटप राज्याच्या नियमित हिशेबाचा भाग झाले नाही.

छत्रपती संभाजीनगर परिसरात परकीय कंपन्या नाहीत असे मुळीच नाही. वाळूजला एंड्रेस+हाउझर आहे, शेंद्र्याला स्कोडा व पर्किन्स आहेत, आणि दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग म्हणून सुमारे 10,000 एकरांवर आखलेल्या शेंद्रा-बिडकीन वसाहतीत, म्हणजे ‘ऑरिक’मध्ये, कोरियाच्या ह्योसंगचे उत्पादन सुरू आहे. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने बिडकीनसाठी 20,000 कोटी रुपयांचा सामंजस्य करार केला. या प्रकल्पाच्या निमित्ताने मोजमापाची अडचण अगदी घरापाशी येते : टोयोटा किर्लोस्करचे नोंदणीकृत कार्यालय कर्नाटकातील बिडदी येथे आहे, त्यामुळे त्यासाठी मूळ कंपनीकडून समभागांपोटी पैसा आला तर तो कर्नाटकाच्या खात्यात दिसेल, आणि जुन्या नफ्यातून खर्च झाला तर कोणत्याच राज्याच्या खात्यात दिसणार नाही. तळेगावच्या बाबतीत ह्युंदाईचे नोंदणीकृत कार्यालय तमिळनाडूत असल्याने तीच स्थिती आहे. मराठवाड्यातील सर्वांत मोठा परकीय प्रकल्प पूर्ण होऊनही महाराष्ट्राच्या स्तंभात एक डॉलरची भर पडणार नाही, हे अशक्य नाही.

वैजापूर तालुका जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, या वसाहतींपासून दूर आहे. त्याचा या विषयाशी संबंध आला तो समृद्धी महामार्गामुळे. 701 किलोमीटरचा हा मार्ग तालुक्यातून जातो, जांबरगाव येथे त्यावर चढण्या-उतरण्याची सोय आहे, आणि जून 2025 पासून तो मुंबईच्या वेशीपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. रोटेगावचे रेल्वेस्थानकही जवळ आहे. रस्ता आणि रेल्वे असूनही कारखाने का येत नाहीत, याचे उत्तर बहुतांशी पाण्यात आहे. जिल्ह्यातील उद्योग जायकवाडी धरणाच्या साठ्यावर अवलंबून आहेत, आणि 2016 च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात कपातीचा आदेश द्यावा लागला होता. गुजरातने सरदार सरोवराचे पाणी कालव्यांनी दूरवर नेले, तर मराठवाड्यात पिण्याचे, शेतीचे आणि कारखान्याचे पाणी एकाच तुटपुंज्या साठ्यातून वाटून घ्यावे लागते. दोन राज्यांच्या तुलनेत पाण्याच्या या घटकाला आजवर मिळालेले स्थान त्याच्या महत्त्वाच्या मानाने फारच थोडे आहे.

अनिर्णित प्रश्न

पहिला प्रश्न सवलतींचा आहे. महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना 1964 पासून चालू आहे आणि मागास तालुक्यांना तीत अधिक लाभ देऊ केले जातात. त्या लाभांमुळे एखादा परकीय कारखाना खरोखर मागास भागात आला, की तो तसाही आला असता, याचे समाधानकारक उत्तर अजून मिळालेले नाही. दुसरा प्रश्न परत जाणाऱ्या पैशाचा. रिझर्व्ह बँकेच्या मे 2025 मधील आकड्यांनुसार 2024-25 मध्ये देशात एकूण सुमारे 81 अब्ज डॉलर आले, परंतु परदेशी कंपन्यांनी काढून नेलेली रक्कम आणि भारतीय कंपन्यांनी बाहेर केलेली गुंतवणूक वजा जाता शिल्लक सुमारे 0.35 अब्जच राहिली. राज्यनिहाय आकडे मात्र आजही केवळ आलेल्या पैशाचे आहेत. महाराष्ट्रातून किती गेले आणि गुजरातमधून किती, हे त्यांत नाही. तिसरा प्रश्न रोजगाराचा आहे, कारण अर्धसंवाहक किंवा रसायन प्रकल्पातील एक कोटी रुपये आणि मोटारीच्या सुट्या भागांच्या कारखान्यातील एक कोटी रुपये यांतून निर्माण होणाऱ्या नोकऱ्यांची संख्या सारखी नसते, आणि दोन राज्यांत आलेल्या भांडवलाची क्षेत्रनिहाय घडण वेगळी आहे.

उपलब्ध पुराव्यावरून इतकेच म्हणता येते की समभाग-प्रवाहाच्या दीर्घ सरासरीत महाराष्ट्र पुढे आहे, कारखान्यांतील स्थिर भांडवलात गुजरात पुढे आहे, आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत. यापुढील अभ्यासासाठी आवश्यक असलेली माहिती फारशी दूर नाही. कोणत्या भूखंडावर कोणाचा कारखाना आहे याची नोंद महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे असते, आणि कोणत्या कंपनीत परकीय भांडवल किती याची रिझर्व्ह बँकेकडे. या दोन नोंदी जोडून राज्य सरकारने आपल्या वार्षिक आर्थिक पाहणीत परकीय भांडवलाची तालुकानिहाय सारणी प्रसिद्ध करावी.